माघ राहिला

माझा थोरला भाऊ गुरुलिंग चौदा वर्षांनी घरी आला आणि आईच्या हातचं जेवायला तयार होईना. बाकी सगळं ठीक होतं. हातपाय शाबूत होते, बोलणं पहिल्यासारखंच मऊ होतं, पेटीत माझ्यासाठी निळ्या काचेचे मणी होते. पण ताट वाढलं की हा उठून अंगणात जायचा. लिंबाखाली तीन दगड मांडून स्वतःपुरतं काहीतरी शिजवायचा आणि आमच्याकडे पाठ करून खायचा. विचारलं तर म्हणायचा, व्रत आहे. कसलं व्रत, कुणी दिलं, किती दिवसांचं, हे पुढे विचारलं की चूल फुंकायला लागायचा. अशा माणसांचा मला फार राग येतो. अजूनही येतो.

ही गोष्ट पहिल्या मोठ्या लढाईच्या आदल्या हिवाळ्यातली. तेव्हा बीड निजामाच्या मुलखात होतं, आणि आम्ही बीडजवळ पालीला राहायचो, बिंदुसरेच्या काठी. आमच्या मालकांचं किराण्याचं दुकान होतं. त्यांचं नाव मन्मथ. ते असेपर्यंत मी कधी तोंडाने घेतलं नाही, आता घ्यायला हरकत नाही. माझी आई मल्लम्मा आमच्याकडेच असायची. वडील दुष्काळात गेले आणि मुलगा परमुलखात, तेव्हा लेकीकडे राहण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. पण जावयाच्या चुलीवरचं खायचं नाही म्हणून तिने मागच्या खोलीत स्वतःची चूल मांडली होती. पाच वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. तरी ती भाकरी थापायची, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा गोल थापायची.

गुरुदादा गेला होता मिरीच बेटावर, ऊस तोडायला. कागदोपत्री त्याला मॉरिशस म्हणतात. त्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या एका दलालाने माणसं गोळा केली, त्यात हा वीस वर्षांचा मुलगा अंगठा देऊन बसला. करार पाच वर्षांचा होता. पाच झाली, सहा झाली, दहा झाली. ना पत्र, ना निरोप. शेवटी मालकांनी करारावरच्या कोठीच्या, म्हणजे उसाच्या मळ्याच्या, पत्त्यावर मोडीत चार ओळी लिहून टपालात टाकल्या, की आईचे डोळे गेले, तब्येत उतरली आहे. सहा महिन्यांनी मार्गशीर्षात एका दुपारी तो दारात उभा राहिला. गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं होतं आणि नजर जमिनीकडे होती. मी ओळखलंच नाही. आईने मात्र पावलांवरून ओळखलं.

त्याच संध्याकाळी त्याने ताटाला हात लावला नाही. आईने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की गुरू माझ्या घरात घास घेईल तेव्हाच मी भाकरी खाईन. तोवर ताक. मी समजावलं, मालकांनी समजावलं. आमच्या घराण्यात हट्ट हा एकच दागिना आईने जपून ठेवला होता आणि तो आम्हा दोघांना वाटून दिला होता. सत्तरीची बाई नुसत्या ताकावर किती दिवस काढणार? मी रोज तिचं मनगट धरून बघायची. चौथ्या दिवशी हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं.

शेजारच्या भामाबाई म्हणाल्या की त्याने तिकडे धर्म सोडला असेल, नाहीतर बाई ठेवली असेल. मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, पण मनात तीच शंका होती. सकाळी आई तोंड धुऊन, कपाळाला विभूती लावून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची, त्या वेळेला दादा नेमका नदीवर निघून जायचा. आम्हा लिंगायतांत तान्हेपणी गळ्यात बांधलेलं लिंग माणसाबरोबर मातीत जातं. रोज त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत आणि दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. दादा म्हणायचा, मी नदीवर पूजा करतो. कुणी बघायला गेलं नाही.

दुपारी आईला उन्हात बाज टाकून द्यायची मी. दादा तिच्या पायाशी बसायचा. पहिल्याच दुपारी तिने त्याला विचारलं होतं की तिकडची जमीन कशी आहे, आणि त्याने सांगायला सुरुवात केली ती वाटेची. कोठी कशी होती, कोठीवाला गोरा होता की काळा, खायला काय मिळायचं, सोबत कोण होतं, यातलं काही नाही. नुसती वाट. रविवारी सुट्टी असायची, तेव्हा तो कोठीतून निघून डोंगरावरच्या एका तळ्यापर्यंत पायी जायचा आणि परत यायचा. जाऊन येऊन आठ कोस. प्रत्येक महिन्याला ती वाट वेगळी असते म्हणाला. आई म्हणाली, मग एकेक महिना सांग. आत्ता मार्गशीर्ष आहे, मार्गशीर्षापासून धर.

मी भांडी घासत ऐकायची. राग होता, तरी कान तिकडेच.

मार्गशीर्षात त्या वाटेवर लाल पाकळ्यांचा सडा असतो. एका जातीची झाडं आहेत, ती फुलली की खालची माती दिसत नाही. पाय टाकावा तिथे पाकळी, आणि पहाटेच्या दवाने त्या तळव्याला चिकटतात. ओढ्यापाशी येईपर्यंत पाय घोट्यापर्यंत लाल झालेले असतात, मग पाण्यात पाय घातला की पाकळ्या सुटून एकामागे एक खाली वाहत जातात. आई डोळे मिटून ऐकत होती. तिचे डोळे उघडे काय, मिटलेले काय, तिला सारखेच. पण ऐकताना ती मिटायची. बाजेवर तिची पावलं जरा जरा हलायची.

दुसऱ्या दिवशी पौष. पौषात तिकडे आंबे पिकतात म्हणाला. मी हातातला तांब्या खाली ठेवून म्हटलं की काहीही सांगू नकोस. पण तो शपथेवर सांगत होता. तिकडे सगळं उलटं. आपल्याकडे शेकोट्या पेटतात तेव्हा तिकडे अंगाची लाही होते आणि वाटेवर आंबे पडून फुटलेले असतात. माकडांनी अर्धे खाल्लेले, मुंग्यांनी भरलेले. त्या वासाने डोकं जड होतं, चालताना झोप येते आणि तरी पाय चालत राहतात.

तिसऱ्या दिवशी आई माघाची वाट बघत बसली तर त्याने फाल्गुन सुरू केला. वादळं होऊन गेलेली असतात, झाडं आडवी झालेली, वाट मोडलेली, ओढ्याने दगड इकडचे तिकडे नेलेले. कालचा दगड आज जागेवर नाही. प्रत्येक दगड नव्याने ओळखून घ्यावा लागतो. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, माघ राहिला. तो म्हणाला, सांगीन मागून.

असे दिवस गेले. चैत्रातल्या चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे आणि त्यात साठलेलं पाणी. वैशाखात बोराएवढे लाल पेरू वाटेवर पडलेले, पायाखाली फुटणारे, आंबट-गोड. ज्येष्ठात उसाला तुरे येतात आणि त्यांचं पांढरं कापसासारखं काहीतरी वाऱ्याने येऊन वाटेवर बसतं. सकाळी त्यावर आपल्याच पावलांची रांग उठते, परत येताना ती आपल्याला भेटते. आषाढात धुकं. पुढचा हात दिसत नाही, म्हणून तो रांगत जायचा. मी म्हटलं, चांगला वाट बघून दुसऱ्या दिवशी जायचंस. तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी काम असायचं. श्रावणात गार वारा आणि नेच्यांची हिरवी पानं, पायरीपायरीने सात धबधबे उतरलेले, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एक डोह. एकाचं पाणी काळं, एकाचं हिरवं, तिसऱ्याच्या तळाची वाळू मोजता येईल असं निवळ. भाद्रपदापासून ओढा आटायला लागतो आणि आश्विनात तर दगड सगळे उघडे पडतात, कोरडे, उन्हाने तापलेले. तो महिना सगळ्यात चांगला, असं तो म्हणाला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तो त्या दगडांतच असायचा. डोक्यावरून पक्षी जायचे. त्यांची सावली पाण्यावरून सरकत जायची, लांब शेपटीचीसुद्धा.

मला कबूल करायला हवं की मी रात्री झोपताना त्या वाटेने जायला लागले होते. दिवसभर पीठ, शेण, गिऱ्हाईक, आईचं मनगट, आणि डोळे मिटले की तो डोह. पालीच्या डोंगरापलीकडे मी कधी गेले नव्हते. दादा माणूस म्हणून मला कळत नव्हता, पण त्याची वाट मला पाठ झाली होती. मालकांनाही सवय लागली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन ऐकायचे आणि आज कुठला महिना म्हणून विचारायचे.

आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. मला वाटलं, अशक्तपणा. ताकाचा पेलाही आता दोन हातांनी धरायची.

बाराव्या दुपारी तिने स्वतःच उठून भिंतीला पाठ टेकवली. कार्तिक आदल्या दिवशी झाला होता. तिने त्याला जवळ बसवलं.

"त्या डोंगरावरून खाली काय दिसतं रे?"

"समुद्र दिसतो म्हनत्यात."

"म्हनत्यात कावून? तू गेला न्हाईस?"

"लई खेपा गेलतो."

"मंग?"

माझ्या हातात सूप होतं, ते मी पाखडायचं थांबवलं.

"मान वर करून बघितलं न्हाई, आई," तो म्हणाला.

मी सूप खाली ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाकळ्या पडलेल्या, पेरू पडलेले, खुरांचे ठसे, पक्ष्यांच्या सावल्या. अकरा महिन्यांच्या त्या सांगण्यात एकदाही झाड वरपर्यंत आलं नव्हतं, आभाळ आलं नव्हतं. सगळं जमिनीवरचं. इतकी वर्षं हा माणूस मान खाली घालून चालला होता. डोळस मी, रोज ऐकत होते, मला कळलं नाही, आणि आंधळ्या बाईने ओळखलं.

आई म्हणाली, "काय हरवलं व्हतं तुझं?"

दादाने गळ्याचं उपरणं सोडलं. आईला दिसणार नव्हतं, तरी सोडलं. गळा उघडा होता. लिंग ठेवायचा चांदीचा चौका नाही, दोरा नाही, काही नाही.

मग त्याने माघ सांगितला. करार संपायला दोन महिने राहिले होते. शिवरात्रीला तिकडची माणसं डोंगरातल्या तळ्यावर चालत जातात, महादेवाला पाणी आणायला. हाही निघाला. वाटेत एका डोहात सगळ्यांनी अंघोळ केली. बाहेर येऊन अंग पुसतो तर गळ्यात नुसता दोरा, तुटलेला. डोहात गेलं, की त्याआधी वाटेत पडलं, की ओढ्याने नेलं, हे कळायला मार्ग नव्हता. सोबतचे पुढे गेले, हा तिथेच शोधत राहिला.

"पाच दिस अन्न सोडलं," तो म्हणाला. "सहाव्या दिशी मुकादमाच्या बायकोनं पेज आनून दिली. मी प्यालो, आई."

त्याने हे असं सांगितलं की जणू कुणाचा जीव घेतला होता. मला हसावं की रडावं कळेना. आमच्या मालकांच्या चुलतभावाचं लिंग बाजारात पडलं होतं, तेव्हा मठातल्या स्वामींनी दुसरं बांधून दिलं. दिवस कलायच्या आत तो दुकानात बसलेला होता. लिंग गेलं तर प्राण द्यावा, असं जुनी माणसं बोलतात; पण कुणी दिलेला मी तरी पाहिला नाही. त्या बेटावर मात्र याला दीक्षा देणारा एक जंगम भेटला नाही, कुणाला विचारायची लाज, आणि डोक्यात लहानपणी भरलेलं तेवढंच.

आईने विचारलं, "तवाच घरी कावून आला न्हाईस?"

"तूच म्हनली व्हतीस. निघायच्या दिशी. लिंग गेलं तर अन्न सोड, पर तसा माझ्या दारात येऊ नको."

"मी?" आई म्हणाली. "मी असं कवा म्हनले?"

ती खोटं बोलत नव्हती. मी तिचा चेहरा चांगला ओळखते. त्या सकाळी तिने त्याला पन्नास गोष्टी सांगितल्या होत्या. घोंगडी ओली करू नको, कुणाच्या ताटातलं खाऊ नको, बोटीत कडेला उभा राहू नको. त्यातलीच ही एक. तिच्या लेखी ते बोलणं तिथेच संपलं होतं. दादाने माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा त्याने मान वर करून कुणाकडे सरळ बघितलं असेल. मी त्या दिवशी पंधरा वर्षांची होते, त्याच्या भाकरीचं गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी होते, हे त्याला ठाऊक होतं.

गप्प बसले असते तर आई सुटली असती. आणि त्याची नऊ वर्षं त्याच्या मनाचा खेळ ठरली असती. मला तेवढा विचार करायला वेळ लागला नाही, माझा स्वभावच तसा नाही.

"म्हनली व्हतीस, आई," मी म्हटलं. "मी तिथंच व्हते."

आई हलली नाही. मला तिची दया आली नाही, खरंच नाही. मला तिचा इतका राग आला होता की मी उठून विहिरीवर गेले आणि दोन घागरी उगाच भरून आणल्या. परत आले तेव्हा तिचा हात दादाच्या डोक्यावर होता आणि ती त्याला विचारत होती की मग आता कसा आलास.

तो म्हणाला, पत्रातून तिचे डोळे गेल्याचं कळलं. म्हटलं, तिला दिसणार नाही. लांबून बघून, चार दिवस बोलून माघाच्या आधी परत जाईन. अजून एक डोह उपसायचा राहिला आहे.

"तुझं लिंग वढ्यानं न्हाई नेलं," आई म्हणाली. "मी नेलं. दंड मला."

तिने मालकांना हाक मारली आणि आत्ताच्या आत्ता मठात जायला सांगितलं. मालक घोडं मागून आणून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी आले. सर्दीने बेजार झालेला, चिडका, पोक्त माणूस. सगळं ऐकून घेतलं. दादाला नदीवर अंघोळ करायला पाठवलं, विभूती लावली, मंत्र कानात सांगितला आणि नवं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. दादाने पूजा केली. मग नव्या दोऱ्यात ते गळ्यात बांधलं. उंबऱ्यावरचं ऊन दोन हातही सरकलं नसेल. मी खांबाला टेकून बघत होते आणि मनातल्या मनात दात खात होते. एवढ्यासाठी. एवढ्या वेळासाठी नऊ वर्षं.

आईने स्वामींना पुन्हा विचारलं की दंड काय. स्वामी नाक पुसत म्हणाले की ज्याचं गेलं त्याचं प्रायश्चित्त झालं, बोलण्याला दंड शास्त्रात सापडत नाही. आई म्हणाली, मग तुम्ही नीट बघा. स्वामींनी तिच्याकडे बघितलं आणि दक्षिणेचा नारळही न घेता घोड्यावर बसले.

आईने चूल पेटवली. मी करते म्हटलं तर माझा हात बाजूला केला. तिच्यात उभं राहायचं बळ नव्हतं, ती बसूनच सगळं करत होती. हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, कारळाची चटणी, तव्यावर भाकरी. भाकरी पहिल्यांदाच वाकडी झाली. पाट मांडला तो मी. दादा आत आला, पाटावर बसला. समोर ताट. त्याने भाकरी मोडली, भाजीला लावली, घास उचलला आणि हात तिथेच थांबला. तोंड उघडेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी बोलणार होते, मालकांनी मला खुणेने गप्प केलं.

आई जमिनीवरून सरकत त्याच्याजवळ आली. हात पुढे करून तिने त्याचा खांदा शोधला, मग मान. नव्या दोऱ्यावरून बोटं नेली आणि लिंगाला हात न लावता ती त्याच्या गळ्यावर ठेवली, कंठाच्या घाटीवर. तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने घास तोंडात घातला. चावला. तिच्या बोटांखाली गळा वर झाला आणि खाली गेला. तिने हात काढला नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. चौथ्या घासानंतर तिने हात काढून मांडीवर ठेवला.

"शिवे," ती मला म्हणाली, "आता मला वाढ."